खारतळ्यावरचे दोनशे करकोचे

शाळेच्या हस्तलिखितासाठी वच्छलेनं लिहिलेला निबंध सत्यभामाबाईंनी दोन बोटांत धरून परत दिला. मेलेली पाल धरावी तसा.

"'खारतळ्यावर भर दुपारी दोनशे करकोचे उभे होते.' दोनशे?" बाई म्हणाल्या. "दहा-पंधरा लिहिले असतेस तर कुणाच्या तरी कोंबड्या असतील म्हणून मी सोडून दिलं असतं."

वर्ग खिदळला. बाई मूळच्या पुण्याच्या. त्यांच्या मते वऱ्हाडात कापूस, ऊन आणि अतिशयोक्ती एवढंच पिकत होतं.

दिवाळीच्या आधीची वच्छला असती तर मान खाली घालून बसली असती. पण मधे एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबासमोर तिनं फळ्यावरचं गणित धडाधड सोडवून दाखवलं होतं, आणि तेव्हापासून तिची मान खाली वाकेनाशीच झाली होती.

"मग तुम्हीच या अन् पाहा, बाई."

"आणि नसले तर?"

"तर सोमवारी प्रार्थनेला सगळ्या शाळेसमोर उभी राहून सांगीन, मी खोटारडी आहे."

साडेतीनशे मुली होत्या शाळेत. पण जीभ सुटली ती सुटली, आणि बाईंनी लगेच वहीत टिपूनही घेतलं.

रविवारी पहाटे राजापेठेतून दमणी निघाली. बैल हाकायला वच्छलेचे वडील नत्थुजी. भाजीचे हारे उतरवून त्यांनी बाईंसाठी गादी घातली होती, पण मेथीचा वास काही उतरला नव्हता. बाईंजवळ छत्री, दुर्बीण आणि उशीएवढं जाड इंग्रजी पुस्तक.

भातकुलीच्या रस्त्याला लागेपर्यंत नत्थुजींनी दम धरला.

"बाई, येक इचारू का? पाखरं पाह्यची कायले? पाखरं तं हाकलाची असतेत."

"निरीक्षण करायचं, नत्थुजी. मग लिहून ठेवायचं."

"अन् मंग?"

बाईंनी छत्री उघडली. ऊन अजून पडायचं होतं.

खारतळं वच्छलेच्या आत्याच्या वावराला लागून होतं. पाणी इतकं खारट की बैल तोंड लावून फुरफुरत मागे सरायचे. काठावर मिठाचा पांढरा पापुद्रा, आणि त्याच्या खाली काळा चिखल. वरून टणक वाटे, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत गिळे.

वावरातल्या मचाणावर आत्या बसलेली होती. तानुबाई. पाखरं राखण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. एकदा उडत्या पोपटाच्या चोचीतला हरभऱ्याचा घाटा तिनं गोफणीनं पाडला, असं लोक सांगत. तानुबाई तर शपथेवर सांगे.

वच्छलेनं करकोचे पाहिले होते ते या मचाणावरूनच. मागच्या महिन्यात आत्या लग्नाला गेली आणि राखणीला भाचीला बसवून गेली. करकोचे उतरले, आणि भाची गोफण मांडीवर ठेवून तोंड उघडं टाकून पाहत राहिली. हरभऱ्याच्या चार ओळी साफ झाल्या. निबंधात ही गोष्ट तिनं लिहिली नव्हती.

"आत्या, आज गोफणीले हात लावाचा नाई," वच्छला म्हणाली. "माह्यी इज्जत हाय तुह्या हातात."

"नाई लावत वं माय." तानुबाईनं गोफण कमरेला गुंडाळली. "माह्या हरबऱ्यापेक्षा तुह्यी इज्जत मोठी झाली. ठीक हाय."

सकाळ मजेत गेली. बोरूच्या झुडपाआड बसून बाई दुर्बीण लावत, पुस्तक उलटत आणि पुटपुटत. तळ्यात शेकाटे होते, लांबलचक गुलाबी पायांवर आपण किती उंच आहोत हे सारखं तपासणारे. चक्रवाकाची एक जोडी भांडून वेगवेगळ्या काठांवर जाऊन बसली होती. टिटवी तर बाईंवरच ओरडत होती, आणि बाईंनी तिला चक्क "गप्प बैस" म्हटलं. अकरा नावं वहीत चढली. वच्छलेला वाटलं, ही बाई शाळेत अशी का नसते?

"पण करकोचा एकही नाही," बाई म्हणाल्या.

"सकाळी थे वावरात चरतेत. दिवस डोक्यावर आला का पाण्यावर येतेत."

दिवस डोक्यावर आला. नत्थुजी दमणीखाली घोरू लागले. भाकरी-झुणका खाऊन झाला. वच्छला मनातल्या मनात सोमवारचं वाक्य म्हणून पाहत होती. 'मी खोटारडी आहे' की 'मी खोटं बोलले'? दुसरं जरा बरं वाटत होतं.

आणि मग ते आले. आधी नुसता आवाज, लांबून, जुन्या मोटेचं चाक करकरावं तसा. मग आभाळात काळ्या दोऱ्याची एक ओळ. मग दुसरी. ओळी वाकल्या, मोडल्या आणि गिरक्या घेत खाली येऊ लागल्या. राखाडी अंग, काळा गळा, कानामागे पांढऱ्या पिसांचे झुपके. पाय खाली सोडून ते आता टेकणारच…

"हाऽऽऽ हुर्रऽऽ ह्योऽऽऽ!"

मचाणावर तानुबाई उभी! गोफण कमरेवरून कधी सुटली, दगड कधी बसला, तिचं तिलाही कळलं नसावं. दगड सणाणत तळ्यावरून गेला, आणि अख्खा थवा पंखांचा गडगडाट करत वर उठून पलीकडे नाहीसा झाला.

वच्छला बाईंकडे वळली. बाई ओणव्या होत्या. त्यांची चप्पल चिखलानं गिळली होती आणि कोपरापर्यंत हात घालून त्या ती शोधत होत्या.

"काय गं? काय झालं?"

"बाई, पाह्यले ना? करकोचे!"

बाईंनी चिखलाच्या हातानं चष्मा सावरला आणि रिकाम्या आभाळाकडे पाहिलं. "आवाज ऐकला. बगळे असतील."

वच्छला मचाणाकडे अशी धावली की वाटेत दोनदा पडली.

"काहून हाकलले वं आत्या? काहून?"

"म्या नाई हाकलले. हातानं हाकलले." तानुबाई आपल्या हाताकडे परक्या माणसाकडे पाहावं तशी पाहत होती. "चाळीस वर्स झाले वं. पाखरू उतरलं का हात उठते. मी मधात येतच नाई."

"मंग आता शाळेत तुह्या हातालेच पाठवतो!"

तानुबाई मचाणावरून खाली उतरली.

"रडू नको. इथून उठवले का थे कोठी उतरतेत, मले ठाव हाय. पल्याडच्या भगवंतरावच्या हरबऱ्यात. थो वीस वर्सांपासून माह्याशी बोलत नाई, थे काई उगीच नाई." तिनं गोफण भाचीच्या गळ्यात टाकली. "आता पुन्हा वरडलं तं पाखरू गाव सोडते. नुसतं चाललं तं वावर सोडते. मी पल्याडून हळूहळू चालत येतो. उन्हानं तापले हायेत थे, पाण्यावरच येतीन. तू बाईले घेऊन दाबून बस."

आणि जन्मभर पाखरांवर ओरडलेली तानुबाई तोंडात पदराचा बोळा कोंबून बांधाबांधानं निघाली.

बाई बोरूत बसायला तयार नव्हत्या. एक चप्पल गेली होती, लुगडं काळं झालं होतं.

"पुरे झालं, वच्छला. उद्या प्रार्थनेला…"

"उद्या काय म्हणायचं ते म्हणीन, बाई. आत्ता खाली बसा." बाईंना आजवर असं कुणी सांगितलं नव्हतं. त्या बसल्या, त्या थेट चिखलातच.

पलीकडच्या बांधावर तानुबाईचं हिरवं लुगडं दिसलं. दहा पावलं चालायची, थांबायची, खाली वाकून उगीच गवत उपटायची. पुन्हा दहा पावलं. हरभऱ्यातून एक राखाडी मान वर आली. मग शंभर माना. मग एकेक करत ते उठले, फार उंच नाही, आणि तळ्यावर उतरू लागले. बाईंच्या समोर, बाईंच्या डावीकडे, बाईंच्या इतके जवळ की दुर्बिणीत नुसता एक लाल डोळा मावत होता.

बाईंनी दुर्बीण खाली ठेवली. त्यांचं तोंड उघडं पडलं होतं, आणि ते कसं दिसतं हे वच्छलेला नेमकं ठाऊक होतं.

"बाई, कोंबड्या हायेत का?"

"श्श! मोजतेय मी." बाईंचं बोट हवेत टकटकत होतं. "एकशे दहा… एकशे चाळीस… हलू नकोस… एकशे त्र्याऐंशी… एकशे सत्त्याऐंशी…"

"दिसले का वोऽऽ बाईऽऽऽ?" पलीकडून तानुबाईनं पदर तोंडातून काढून आपल्या ठेवणीतल्या आवाजात विचारलं.

सगळं तळं एकदम उठलं. पाणी उडालं, पिसं उडाली, करकराटानं कान बसले, आणि दमणीखालचे नत्थुजी डोकं आपटून जागे झाले.

सत्यभामाबाई ताडकन उभ्या राहिल्या. "अवो, काहून वरडता वोऽ! मोजून राहिली ना मी!"

पुण्याच्या तोंडून हे असलं ऐकून वच्छला हसतच सुटली. मग बाईही हसल्या, आधी नाकातून आणि मग चांगल्या मोकळ्या.

वच्छलेनं निबंधाचा कागद पुढे केला. "बाई, आकडा काय ठेवू? एकशे सत्त्याऐंशी?"

बाईंनी रिकाम्या तळ्याकडे पाहिलं, मग लांब जाणाऱ्या ओळींकडे. लुगड्याला बोटं पुसली आणि पेन्सिल काढून दोनशेच्या खाली सही केली. सहीवर चिखलाचा अंगठा उठला तो उठलाच.