व्यंकटरावांचा मुद्गल

मित्रांनो, मी बाभळीचा एक जुना मुद्गल आहे, तालमीत व्यायामाला फिरवतात तो; बुडाशी जाड, मुठीशी बारीक. मला आता फारसं काही वाटत नाही, म्हणून सगळं सरळ सांगून टाकतो.

हिंगोलीच्या ग्यानबा सुताराने मला घडवलं आणि सोनाजी उस्तादांच्या तालमीत दिलं. तिथे एके सकाळी तहसील कचेरीतले कारकून व्यंकटराव आले. साहेबांनी नुसती हाक मारली तरी त्यांची छाती धडधडायची. झोपेचं तर पार खोबरं झालेलं. वैद्याला रोग सापडेना.

उस्तादांनी मला त्यांच्या हाती दिलं. "फिरवा, राव. श्वास दाबून धरू नका."

अहो, पहिल्याच दिवशी मी त्यांच्या टाळक्यात बसलो! पण हळूहळू खांदे मोकळे झाले, अन्न गोड लागू लागलं, रात्री डोळा लागू लागला. "हेच माझं औषध," असं ते मला थोपटून म्हणायचे. तेव्हा मी फुगून जायचो. तेव्हा वाटायचं मला काहीबाही.

मग सत्तेचाळीस साल आलं. निजामी मुलखात रझाकारांची दहशत पसरली, तालमींकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. उस्तादांनी तालमीला कुलूप घातलं आणि आम्हा मुद्गलांना आपल्या गोठ्यात नेलं. व्यंकटरावांचं येणं भीतीने आधीच थांबलं होतं. आम्हाला नेताना रस्त्यात ते भेटले, तेव्हा उस्ताद म्हणाले, "काहून येऊन न्हाई राहिले? गोठ्यात कोन बघतंय?"

"मन थाऱ्यावर आलं की येतो, उस्ताद."

"अवो, आल्याबिगर ते थाऱ्यावर कसं येईल?"

व्यंकटराव आले नाहीत. मी कडब्याखाली पडून राहिलो. उंदरांनी मूठ कुरतडली. दुखलं नाही.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात निजामी संपली. गावात साखर वाटली गेली. उस्ताद मला घेऊन व्यंकटरावांकडे गेले. ते ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते, अंग सुटलेलं, डोळे खोल गेलेले.

"आता भ्यायसारखं काही उरलं नाही," त्यांच्या पत्नी गंगूताई म्हणाल्या, "तरी असेच बसून असतात."

व्यंकटरावांनी मला उचललं. खांद्यापर्यंत नेलं, पुढे हात जाईना.

"गेलं सगळं, उस्ताद."

"खांद्यापोतर गेला न्हवं? आज तितकंच करा."

त्यांनी तितकंच केलं. धाप लागली. चेहऱ्यावर आनंद असा नव्हताच. मला खाली ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "उद्या याल?"

मित्रांनो, घरातलं मोठं माणूस "मन बरं नाही, नंतर बघू" म्हणालं, तर त्याचा हात धरून उठवा. भीती असू द्या, तिलाही सोबत येऊ द्या. ती जायची वाट पाहत बसलं, की हात उचलायचे राहूनच जातात.