दोन्हीकडची गाणी

मुंबईच्या कोटातल्या कचेरीतली नोकरी सोडून मार्तंडनं मुलुंडच्या आपल्या खोलीवर ‘सर्व प्रकारचे लेखन करून मिळेल’ अशी पाटी लावली, तेव्हा चाळीनं त्याला वेड्यात काढलं. पण माणूस मोठा हिकमती. केशतेलाची जाहिरात म्हणू नका, मंगलाष्टकं म्हणू नका, निरोप समारंभाचं भाषण म्हणू नका. ‘नाही’ हा शब्द त्याला ठाऊकच नव्हता. चाळीतल्या इसिडोरच्या बहिणीच्या लग्नातलं टोस्टचं भाषणसुद्धा त्यानंच लिहून दिलं होतं. कोकम सरबतापलीकडे काही न प्यालेल्या या गृहस्थानं ‘आपापले ग्लास उंच करा’ असं इतक्या रुबाबात लिहिलं, की पाद्रीसाहेबही मान डोलवू लागले.

त्याच्या बायकोची, कुंदाची मान मात्र डोलत नव्हती. रागावली की ती नवऱ्याशी बोलायची नाही, मांजराशी बोलायची. “मने, त्यांना सांग, वरण चुलीपाशी आहे.” मनी कुठली सांगतेय! पण निरोप पोचायचा.

त्यात मार्तंडच्या मामांनी त्याच कचेरीत वजन खर्चून भाच्याची जागा राखून ठेवलेली. “सोमवारी रुजू हो,” त्यांनी बजावलं, “नाहीतर जागा गेली म्हणून समज. मग बस मंगलाष्टकं खात!”

नेमक्या त्याच आठवड्यात शेजारच्या सोनूबाई आल्या. त्यांच्या मुलीचं, जयंतीचं लग्न रविवारी होतं. विहिणींच्या पंगतीत दोन्हीकडच्या बायकांनी एकमेकींना चिमटे काढणारी गाणी म्हणायची, ही रीत. “अशी गाणी दे बाबा, की विहीणबाईंना घास गिळता येऊ नये,” सोनूबाई म्हणाल्या. त्या गेल्या आणि संध्याकाळी मागच्या दारानं मुलाची आई मथुराबाई हजर. त्यांना तोडीस तोड उत्तरं हवी होती. मार्तंडनं दोघींनाही हो म्हटलं.

“अहो, दोन्हीकडचं?” कुंदा चकित होऊन थेट त्याच्याशीच बोलली.

“मी काय वकील आहे, एकच बाजू घ्यायला?”

कुंदानं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, “ठीक आहे. गाणी रंगली, तर मामांना मीच नाही म्हणून सांगेन. पडली, तर सोमवारी डबा घेऊन मुकाट्यानं निघायचं.”

मार्तंड खोलीच्या कोपऱ्यात ठाण मांडून बसला. विहिणीचे दोष काढायचे, तर आधी ते सुचायला हवेत. तो डोकं खाजवायचा, चुलीकडे बघायचा, आणि एकदम लिहीत सुटायचा. आपल्या प्रतिभेचं त्याचं त्यालाच नवल वाटत होतं.

रविवारी पंगत बसली. मामा वाढपी मंडळींत बुंदीचं ताट घेऊन उभे होते. सोनूबाईंकडच्या बायकांनी सुरुवात केली:

“विहीणबाईंच्या आमटीची काय सांगू ख्याती,
डाळ बसली तळाशी अन् पाणी आलं हाती!”

मांडवात हशा उसळला. तो ओसरतो न ओसरतो तोच मथुराबाईंकडून उत्तर आलं:

“विहीणबाई किल्ली ठेवती पिठाच्या डब्यात,
शोधून शोधून सापडते ती भाकरीच्या गाभ्यात!”

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मार्तंड आचाऱ्यामागे उभा राहून मिशीत हसत होता. झकास! सोमवारची कचेरी बुडाली! तेवढ्यात सोनूबाईंनी पुढचं गाणं उचललं:

“रुसल्या की विहीणबाई बोलती मांजराशी,
सांग गं त्यांना, वरण आहे चुलीपाशी!”

“अगं बाई,” कुंदाच्या शेजारी बसलेली चाळीतली सुनंदा मोठ्यानं म्हणाली, “कुंदे, हे तर तुझं! किल्लीसुद्धा तुझीच!”

हशा पटकन थांबला. सोनूबाईंनी मथुराबाईंकडे पाहिलं, मथुराबाईंनी सोनूबाईंकडे. दोघींची गाणी एकाच खोलीतून आली होती, हे सगळ्या पंगतीला एकदमच कळलं. “आमचाच लेखक फितवलात होय?” सोनूबाई कडाडल्या. मामांनी बुंदीचं ताट खाली ठेवलं आणि भाच्याला खूण केली: उद्या, नऊ वाजता.

कुंदाचा चेहरा लालबुंद झाला होता. चारचौघांत तिच्या संसाराचं हसू झालं होतं आणि ते तिला लागलं होतं. ती उठली. मार्तंडला वाटलं, आता ही तडक घरी जाणार.

“आमची कुंदा आता नाव घेणार!” मिटवामिटवी करायला सुनंदा ओरडली. कुंदानं एकदा मामांकडे पाहिलं, पदर सावरला आणि म्हणाली:

“आमटी माझी पातळ, किल्ली माझी पिठात,
मार्तंडराव घरी बसून लिहोत आता थाटात!”

मांडव कोसळायचाच बाकी राहिला. दोघी विहिणी भांडण विसरून टाळ्या वाजवू लागल्या. मामांनी निमूटपणे बुंदीचं ताट पुन्हा उचललं.

कुंदानं शब्द पाळला, तरी तिचा राग काही गेला नव्हता. घरी आल्यापासून सगळा कारभार मनीमार्फत. सोमवारी सकाळी भांडुपहून एक वयस्कर गृहस्थ आले. बायको जाऊन महिना होत आला होता. शोकसभेत वाचायला चार ओळी हव्या होत्या.

“मने,” आतून आवाज आला, “त्यांना सांग, या खेपेला तरी मला घेऊ नका.”

मार्तंडनं लेखणी उचलली. दुसरी कुठली बाई डोळ्यांपुढे आणायचा त्यानं पुष्कळ प्रयत्न केला, पण येईचना. मग त्यानं लिहिलं, की आता घरात आमटी दाट होते आणि किल्ली खुंटीवरच सापडते. पुढची ओळ त्याला लिहिता येईना. गृहस्थांनी कागद ओढून वाचला आणि उपरण्यानं डोळे पुसले. मार्तंडला तर हुंदकाच आवरेना.

कुंदा चहा घेऊन बाहेर आली. तिनं कागदावर नजर टाकली, नवऱ्याकडे पाहिलं आणि कपबशी खाली ठेवली.

“अहो, असं काय करता? मी आहे ना इथं!”