पुलापाशी डावीकडे

मित्रांनो, धावपट्टीच्या पार टोकाला, भंगाराच्या कुंपणाला टेकून एक विमान उभे आहे. त्याच्या नाकातले इंजिन काढून नेले आहे, चाके बसली आहेत आणि काचेवर धुळीचा थर साचला आहे. ते जुने विमान म्हणजे मीच. माझी कहाणी मोठी नाही आणि तिचा शेवट गोडही नाही. तरी ऐकून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्याला पत्रा जोडून कामगारांनी माझे अंग घडवले आणि नाकावर पाच पात्यांचा पंखा बसवला. पंखा फिरवणारे इंजिन जेटच्या जातीचे, त्यामुळे माझा आवाज इतरांपेक्षा निराळा होता. खाली जाड घरघर आणि तिच्यावर एक बारीक शीळ. एकदा ऐकला की माणूस तो विसरत नसे. माझ्यात बसायला एकामागे एक अशा दोन जागा होत्या. पुढे शिकणारा, मागे शिकवणारा. चुका सोसणे हेच माझे काम. कुणी मला जमिनीवर दाणकन आपटले, कुणी भलतीकडेच वळवले, एकाने तर घाबरून डोळेच मिटून घेतले. मी सगळ्यांना सांभाळून घेतले. तेव्हा मी फार आनंदात होतो.

मागच्या जागेवर बहुधा मास्तर असत. त्यांचा हुद्दा मोठा होता, पण हवाई दलाचा सगळा तळ त्यांना मास्तरच म्हणे. ते कधी आवाज चढवत नसत.

एका तुकडीत एक ठेंगणी मुलगी आली. सीट पार वर घेतली तरी तिला समोरचे नीट दिसेना. मग माझी देखभाल करणाऱ्या मिस्त्रींनी तिला एक जाड उशी शिवून दिली आणि त्या दिवसापासून तिचे नावच उशी पडले. तीही हसून ओ देई. हात मात्र तिचा इतका हलका, की ती मला चालवते आहे हे मलाच कळत नसे.

आमचा शिकण्याचा रस्ता ठरलेला होता. नदी धरून वर जायचे, दगडी पुलापाशी डावीकडे वळायचे आणि घरी यायचे. पुलाच्या पलीकडच्या टोकाला सायकलींचे एक दुकान होते. ते उशीच्या दादाचे. आईवडिलांच्या मागे त्यानेच तिला लहानाची मोठी केली होती. माझी शीळ कानावर पडली की तो हातातले काम टाकून पुलाच्या मध्यावर येई आणि लाल फडके हलवी. विमान मुद्दाम डोलवायला सक्त मनाई होती. पण एकदा मास्तर मागून म्हणाले, "पंख हलवायचे असतील तर हलव. मी नकाशा बघतोय." त्यानंतर मास्तरांना रोजच पुलापाशी नकाशा बघावा लागला.

पुढे दिवस फिरले. नदीपलीकडच्या लोकांचे आणि सरकारचे बिनसले, बोलणी फिसकटली आणि बंदुका बाहेर आल्या. मोठी लढाऊ विमाने फार वेगाची, खालचे बारीकसारीक त्यांना टिपता येईना. तेव्हा साहेबांना माझी आठवण झाली. माझ्या पंखांखाली आकडे ठोकले आणि त्यांना बॉम्ब टांगले. मी जड झालो. उशी आता पक्की वैमानिक झाली होती, पण कित्येक महिने नदीकडे कुणाचेच उड्डाण झाले नव्हते.

मग पूल पाडायचा हुकूम आला. बंडखोरांच्या गाड्या त्यावरून येत होत्या. मास्तरांनी सांगून टाकले, की ते दुसऱ्या कुणाला तरी घेऊन जातील. उशीने त्यांना माझ्या पंखाखाली गाठले.

"दुसरा रस्त्याच्या रोखाने येईल," ती म्हणाली. "जरा चुकला तर टोकाची घरं जातील. मी नदीवरून येते. पुलाचा मधला गाळा तेवढा पाडू."

"आणि दादा?"

"फोन बंद आहेत. पण सकाळी तो दुकानातच असतो. मधल्या गाळ्यापासून लांब."

मास्तरांनी हुकमाच्या कागदावर तिचे नाव लिहिले.

सकाळी आम्ही निघालो. पुलावर कुणी नाही ना, हे बघायला तिने आधी एक फेरी मारली. पूल रिकामा होता. मग ती टेकडीला वळसा घालून नदीच्या पात्रात खाली उतरली. तिथे नदीला वळण आहे, पूल दिसतो तो ऐनवेळी. वळणातून बाहेर पडताच तिने कळ दाबली. माझे ओझे सुटले, अंग हलके झाले, आणि तेव्हा तिला पुलाच्या मध्यावर लाल फडके दिसले.

"मागे बघू नकोस," मास्तर म्हणाले.

तिने बघितले होते.

उतरल्यावर ती कितीतरी वेळ आतच बसून राहिली. मास्तर शिडीवर उभे होते. शेवटी ती म्हणाली, "पहिली फेरी मारली नसती, तर तो दुकानातच राहिला असता." मास्तरांनी वाकून तिचे पट्टे सोडवले.

तळावर माझे फार कौतुक झाले. फोटो निघाले. माझ्या नाकाजवळ पांढऱ्या रंगाने एक छोटा पूल रंगवण्यात आला. नोकरी सोडली त्या दिवशी उशी रॉकेलचा बोळा घेऊन आली आणि तो पूल घासत राहिली. रंग निघाला नाही, नुसता फिसकटला. दुसऱ्या दिवशी हुकमाप्रमाणे मिस्त्रींनी तो पुन्हा रेखला. उशी नदीपलीकडे वहिनीकडे गेली होती म्हणतात. वहिनीने दार उघडले नाही. पुढचे मला ठाऊक नाही.

मास्तरांनी आणखी काही वर्षे शिकवले, पण मुलांना दुसऱ्या रस्त्याने नेले. पूल काही पुन्हा बांधला गेला नाही. मग माझी पाती, आतली उपकरणे, शेवटी इंजिनही काढून दुसऱ्या विमानांना लावले. आता मला धुवायला कुणी येत नाही, आणि कुणी यावे असे मलाही वाटत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असे मी सांगायला हवे. पण माझे मागणे वेगळे आहे. ज्याच्यावर पोरे शिकतात, ते शिकवण्यासाठीच राहू द्या. हे कुणी ऐकेल अशी आशा मला नाही. मागच्या हिवाळ्यात तळावर माझ्याच जातीची नवी विमाने आली. त्यांच्या पंखांखालचे आकडे कारखान्यातूनच बसवून आले आहेत.