एक बोलतो, दुसरा लिहितो

बाईंचा पहिला नियम असा होता की फोन एकट्यानं करायचा नाही. एक बोलतो, दुसरा लिहितो. फोन स्पीकरवर, खोलीचं दार बंद, आणि लिहिणाऱ्यानं तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. काही सुचलंच तर पॅडवर लिहून बोलणाऱ्याच्या नाकासमोर धरायचं. "बोलणाऱ्याला आपण काय बोललो तेवढंच आठवतं," बाई म्हणायच्या, "समोरचा काय म्हणाला ते लिहिणाऱ्याला विचारा." आयुष्यभर बातमीदारी करून आता त्या आमच्यासारख्या पोरांना शिकवत होत्या, आणि आम्हाला शिकवताना होणारा त्रास लपवायची त्यांना अजिबात गरज वाटत नसे.

वर्तमानपत्राच्या त्या कचेरीत आम्हा विद्यार्थ्यांसाठी काचेची एक खोली होती. बाहेरचे लोक तिला मत्स्यालय म्हणत आणि जाता-येता आत डोकावून हसत. पहिल्या दिवशी बाईंनी प्रत्येकाला विचारलं, या धंद्यात कशाला यायचंय? मी छातीठोकपणे म्हणालो, कॅमेऱ्यासमोर उभं राहायला. झालं, तेव्हापासून माझं नाव हिरो. माझ्या शेजारची मुलगी म्हणाली, "मला फोनवर बोलायची भीती वाटते. ती घालवायला." सगळे खो खो हसले, बाई तेवढ्या हसल्या नाहीत. ती अंगानं एवढीशी आणि सदान् कदा कामात, म्हणून ती मुंगी. बाईंनी आमची जोडी लावली. मला तेव्हा वाटलं, आपल्या नशिबाला हे गाठोडं आलं.

त्या दुपारी एका बांधकामावर सामान वर नेणारी लिफ्ट कोसळली. दोघे जखमी, एक जण गेला. हॉस्पिटलला फोन मुंगीनं केला, लिहिलं मी. तिथल्या माणसानं मृताचं नाव सांगितलं आणि म्हणाला, "घरच्यांना कळवलंय." आम्ही धावत जाऊन बाईंना सांगितलं. त्या संपादकांच्या बैठकीला निघाल्या होत्या.

"नाव एका ठिकाणाहून आलं म्हणजे ते अजून नाव नाही," त्या म्हणाल्या. "पोलिसांना मी तिथून विचारते. तुम्ही घरी फोन करा. आपण कोण ते सांगायचं, वाईट वाटलं म्हणायचं, आणि नाव छापलं तर चालेल का एवढंच विचारायचं. नको म्हणाले तर नाही छापायचं. जमेल?"

"दे, मी करतो," मी मुंगीला म्हणालो. बांधकामाच्या ऑफिसातून मिळालेला घरचा नंबर तिच्या हातातल्या चिठ्ठीवर होता.

"नाही. आज बोलायची पाळी माझी आहे."

तिनं दार लावलं, नंबर फिरवला, स्पीकरचं बटण दाबलं. मी पेन घेतलं. पलीकडे फोन लगेच उचलला गेला.

"अहो, कुठं आहात तुम्ही? सकाळपासून वाट बघतेय. कपड्यांचा डोंगर झालाय इथं!"

एका बाईचा आवाज. रागावलेला, पण हसरा. मुंगीनं माझ्याकडे बघितलं.

"मी… मी दैनिकाच्या कचेरीतून बोलतेय. शिकाऊ बातमीदार आहे."

"म्हणजे वॉशिंग मशीनवाले नाही का तुम्ही? अगं बाई. मला वाटलं मेकॅनिक." मागे नळ बंद केल्याचा आवाज आला. "पेपर नकोय हो ताई आम्हाला. हल्ली सगळं मोबाईलवरच वाचतो."

तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. 'घरच्यांना कळवलंय' हे वाक्य आम्ही गोळीसारखं गिळलं होतं. घरच्यांना म्हणजे कोणाला, हे विचारायचं दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. नियमाप्रमाणे खात्री करायला गेलो आणि मेलेल्या माणसाच्या बायकोच्या आधी बातमी ठाऊक असलेले आम्ही दोघं तिच्या स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिलो.

सुटायला वाट होती. 'बरं ताई, सॉरी' म्हणायचं आणि फोन ठेवायचा. मी पॅडवर तसं लिहायलाही घेतलं. तेवढ्यात माझं लक्ष भिंतीवरच्या टीव्हीकडे गेलं. आवाज बंद होता, पण एका चॅनलवर खाली पट्टी धावत होती: मृताची ओळख पटली, नाव थोड्याच वेळात. म्हणजे फोन ठेवला की ती मोबाईल हातात घेणार, आणि सवयीनं बघणार. जोवर ती आमच्याशी बोलतेय तोवर तो मोबाईल तिच्या कानाला होता.

मी लिहिलं: ठेवू नकोस. टीव्ही बघ.

मुंगीनं बघितलं. टेबलाखाली मी माझ्या मोबाईलवरून बाईंना कळवलं की बायकोला माहीत नाही, फोन चालू आहे. उत्तर लगेच आलं: 'हॉस्पिटलनं त्याच्या भावाला कळवलंय, तो घराकडे निघालाय. फोन ठेवू नका. सांगू नका. खोटं बोलू नका.' या तिन्ही गोष्टी एकाच वेळी कशा करायच्या, हे काही बाईंनी लिहिलं नव्हतं.

मला सोपा उपाय सुचला. मी मोठ्या अक्षरात लिहिलं: अंक विक. वर्गणीची योजना सांग.

मुंगीनं मान हलवली. नाही. मला इतका संताप आला! इथं जीव टांगणीला लागलाय आणि हिला खरेपणाचं सोवळं सुचतंय.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही पेपर घ्यायचं का बंद केलंत?"

हा प्रश्न खरा होता. त्यात खोटं काही नव्हतं. मी मनातल्या मनात तिच्या पाया पडलो.

"अगं, काय सांगू तुला." आता ती अहोवरून अगंवर आली. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, म्हणजे ती बसली. "आमचे हे बांधकामावर लिफ्ट चालवतात. मागे एकदा तिथं अपघात झाला, आणि कुठल्याशा वेबसाइटनं यांचं नाव लावलं. गेले म्हणून! फोटोसकट! मी इथं डोकं आपटून घेतेय, सासूबाईंची शुद्ध गेलेली, शेजारपाजार जमलेला. आणि हे दारात उभे. हातात दुधाची पिशवी. मला म्हणतात, कोण गेलं?"

ती हसली. चांगली पोटभरून हसली. माझं पेन थांबलं.

"तेव्हापासून हे म्हणतात, बातम्यांवर विश्वास ठेवायचा नाही. मी घरी येईन तेव्हा आलो, नाहीतर वाट बघ."

खरं सांगतो, त्या क्षणी मला आशा वाटली. मागे चूक झाली होती, तशी आताही झाली असेल. नाव अजून एकाच ठिकाणाहून आलं होतं. तो माणूस दुधाची पिशवी घेऊन येईल आणि आम्ही मूर्ख ठरू. मूर्ख ठरायची एवढी हौस मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"ताई, घरी आत्ता कोण आहे तुमच्याबरोबर?" मुंगीनं विचारलं.

"का गं? तुला काय करायचंय?"

मी कपाळावर हात मारला. टीव्हीवर पट्टी पुन्हा फिरून आली.

"तू खरंच पेपरवालीच आहेस ना? कशासाठी फोन केलास नक्की?"

आता संपलं, असं मला वाटलं. सरळ प्रश्न आला होता. मी लिहिलं: विक!! दोन उद्गारचिन्हं दिली, जणू त्यानं काही होणार होतं.

मुंगीनं पॅड उलटं केलं. "कोणाच्या घरी फोन करायची माझी ही पहिलीच वेळ आहे, ताई," ती म्हणाली. "मला एक गोष्ट विचारायची होती. पण ती आत्ता विचारणं बरोबर होणार नाही. म्हणून विचारत नाहीये. तुम्ही थोडा वेळ माझ्याशी बोलाल का?"

तिचा आवाज शेवटी चिरकलाच. पलीकडची बाई एकदम मऊ आवाजात म्हणाली, "रडतेयस का तू?"

"नाही."

"नाही काय! मला कळतं. माझी भाची पण अशीच एका ठिकाणी लागली होती फोनवर. साहेब ओरडतो का? इतके अंक खपवलेच पाहिजेत म्हणून?"

"तसं नाहीये, ताई."

"असू दे, असू दे. साहेबापुढे बोलता येत नसेल. बरं ऐक, मी घेते एक महिना. यांना सांगेन, बिचारी पोरगी रडत होती. चिडतील, चिडू देत. पत्ता लिहून घे माझा."

मुंगीनं तोंडावर हात दाबला. मग हात काढला आणि स्पष्ट म्हणाली, "नको ताई. माझ्यासाठी घेऊ नका. मी अंक विकायला फोन केला नव्हता."

"मग?"

तेवढ्यात तिकडे बेल वाजली.

"आला वाटतं मेकॅनिक! थांब हं, फोन ठेवू नकोस." चपला घासत गेल्याचा आवाज. कडी. आणि मग जरा लांबून, आश्चर्यानं, "अहो भाऊजी, तुम्ही? या वेळेला? कामावर नाही गेलात?"

एक पुरुष म्हणाला, "वहिनी, आधी आत चला."

मुंगीनं बोट टेकवलं आणि फोन तोडला.

मी पेन धरून तसाच बसलो होतो. लिहायला तयार. काय लिहायला तयार होतो, कोण जाणे.

"तोडलास कशाला?" मी म्हणालो. "ती म्हणाली ना, ठेवू नकोस."

"पुढचं आपल्यासाठी नव्हतं," मुंगी म्हणाली.

दार उघडून बाई आल्या. त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं. पोलिसांनीही तेच नाव सांगितलं होतं. मागच्यासारखी चूक नव्हती, दुधाची पिशवी येणार नव्हती. बाईंनी आमच्याकडून सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाल्या, "घरच्यांना म्हणजे कोणाला, हे तुम्हाला सुचलं नाही ते समजू शकते. मला सुचायला हवं होतं. बैठकीची घाई मला झाली होती. ही चूक माझ्या नावावर लिहा."

टीव्हीवर नाव आलं. मोठ्या अक्षरात, लाल पट्टीवर. बाहेरून एक उपसंपादक काचेवर टकटक करून म्हणाला, "त्यांनी लावलं. आपण लावायचं?"

"घरातून हो येईपर्यंत नाही," बाई म्हणाल्या आणि त्याच्यामागे बाहेर गेल्या. काचेतून त्यांचे हातवारे दिसत होते. भांडण जोरात चाललं होतं.

मुंगी तोंड धुवायला गेली. मी एकटाच राहिलो आणि फोन वाजला.

एकट्यानं फोन घ्यायचा नाही. मला नियम तोंडपाठ होता. फोन वाजतच राहिला. मी स्पीकर लावला.

"मघाशी या नंबरवरून एका मुलीचा फोन आला होता. आहे का ती?"

तोच आवाज. पण त्यातलं हसू, राग, सगळं कोणीतरी काढून घेतलं होतं.

"ती जरा बाहेर गेलीय, ताई. मी तिच्याबरोबर काम करतो. मघाशी इथंच बसलो होतो."

"म्हणजे तुम्ही ऐकत होता."

"हो."

"आणि तुम्हाला ठाऊक होतं."

"एका ठिकाणाहून कळलं होतं. खात्री नव्हती."

मागे कोणीतरी विचारलं, "मशीनवाला आलाय, परत पाठवू का?" तिनं त्याला उत्तर दिलं नाही. मला म्हणाली, "भाऊजींना हॉस्पिटलमधून नुसता फोन आला. त्यांनी स्वतः बघितलेलं नाही अजून. टीव्हीवर नाव दाखवतायत, पण ते तर मागच्या वेळी पण दाखवलं होतं. मी सांगितलं ना त्या मुलीला? हे म्हणतात, बातम्यांवर विश्वास ठेवायचा नाही." ती थांबली. "पण ती मुलगी खोटं बोलली नाही. मी पेपर घेते म्हटलं तरी नको म्हणाली. म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही चौकशी केलीत का नीट?"

'चौकशी चालू आहे, ताई' एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. तिला हॉस्पिटलात पोचेपर्यंत अर्धा तास आणखी नवरा मिळाला असता. मघाशी पॅडवर मीच लिहीत होतो, विक, विक. आता पॅड माझ्यासमोर होतं आणि लिहून दाखवणारं कोणी नव्हतं.

"केली, ताई," मी म्हणालो. "हॉस्पिटलला विचारलं. पोलिसांना विचारलं. दोघांनी तेच नाव सांगितलं."

"मग या वेळी खोटं नाही?"

"नाही. खोटं नाही, ताई."

ती रडली नाही. नुसता श्वास येत होता. मी रडत होतो, ते तिला ऐकू जाऊ नये म्हणून फोनपासून तोंड लांब धरलं होतं. दारात मुंगी आली. तोंड ओलं, केस कपाळाला चिकटलेले. तिनं एका नजरेत ओळखलं, हळूच दार लावलं, माझ्या शेजारी बसली आणि पॅड स्वतःकडे ओढून घेतलं.

"ती काय विचारणार होती मला?"

"नाव छापलं तर चालेल का, एवढंच. तुम्ही नको म्हणालात तर नाही छापणार."

मग ती म्हणाली, "छापा. नाहीतर मलाच एकेकाला सांगत बसावं लागेल."

मी हो म्हणालो. शेजारी मुंगीचं पेन चालत होतं, आणि मी फोन ठेवेपर्यंत तिनं ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं होतं.