ओल्या फडक्याखालचा तडा

मित्रांनो, हसू नका, पण मला माझ्या लाल रंगाचा अजूनही अभिमान आहे. उन्हाने तो विटकरी झाला आहे, दारांच्या कडांना गंज धरला आहे आणि माझ्या शिडीवर आता अग्निशमन केंद्रातल्या लोकांचे टॉवेल वाळतात. मी एक जुना आगीचा बंब आहे. केंद्राच्या मागच्या अंगणात उभा असतो. पुढच्या ज्या शेडमध्ये मी आयुष्य काढले, तिथे आता नवा बंब आला आहे. तुम्हाला वाटेल, म्हातारा त्याच्यावर जळत असेल. तसे असते तर बरे झाले असते. मला खाते आहे ते निराळेच आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कुणी सांगाडा जोडला, कुणी टाकी बसवली, कुणी पंप. पंप म्हणजे माझे काळीज. मी या गावात आलो तेव्हा लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून बघत होते. माझ्या स्टिअरिंगवर एक तरुण ड्रायव्हर होता. त्याच्या तळहातांना घाम सुटला होता, पण मान अशी ताठ, की बंब जणू त्यानेच बनवला आहे. पुढे सगळे गाव त्याला वस्ताद म्हणू लागले.

आम्ही दोघांनी खूप काम केले. गवताच्या गंजी विझवल्या, लाकडाची वखार वाचवली, विहिरीत पडलेले वासरू वर काढले. शाळेतली मुले मला बघायला येत आणि प्रत्येकाला घंटा वाजवायची असे. वस्तादची मुलगी तर शाळा सुटली की थेट माझ्याकडे यायची. माझ्या पायरीवर बसून पाढे पाठ करायची आणि कंटाळा आला की माझ्याभोवती गरागरा फिरायची. म्हणून तिचे नाव पडले भिंगरी. मोठी झाल्यावर ती रीतसर परीक्षा देऊन याच केंद्रात लागली. बापाने तिला माझा पंप शिकवला. कुठली झडप आधी, कुठली नंतर, इंजिनाचा आवाज कसा ऐकायचा, सगळे शिकवले. एक गोष्ट सोडून.

ती गोष्ट कळायला तुम्हाला पंपाचे थोडे समजून घ्यावे लागेल. माझ्या टाकीतले पाणी लवकर संपते. मग जवळच्या कालव्यात किंवा तळ्यात जाड नळी सोडायची आणि पंपाने पाणी वर ओढायचे. तुम्ही स्ट्रॉने सरबत पिता ना, तसेच. पण स्ट्रॉला बारीक भोक पडले असेल तर काय होते? गाल दुखेपर्यंत ओढा, तोंडात नुसती हवा येते.

एका हिवाळ्यात माझ्या पंपाच्या तोंडाशी, बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या भागाला, केसाएवढा तडा गेला. तो भाग बनवणे कारखान्याने केव्हाच बंद केले होते. वस्तादने खूप शोधाशोध केली, कुठे मिळाला नाही. मग त्याने आपली युक्ती काढली. खांद्यावरचे फडके ओले करायचे, तड्यावर घट्ट गुंडाळायचे आणि वरून गुडघा दाबून धरायचा. हवा बंद, पाणी सुरू. बघणाऱ्याला, शेजारी पंप शिकणाऱ्या भिंगरीलाही वाटे, वस्ताद बंब किती मायेने पुसतो.

त्याने कुणाला सांगितले नाही. सांगितले असते तर मला त्याच दिवशी बाद केले असते, आणि गावात दुसरा बंब नव्हता. हे कारण खरे होते. पण तेवढेच नव्हते. माझ्यावर त्याचा जीव होता. आणि खरे सांगायचे तर, आपल्याशिवाय हा बंब कुणाचे ऐकत नाही, हे त्याला मनातून आवडत होते. मलाही आवडत होते. 'मी आहे तोवर चालेल,' असे तो माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणायचा आणि मी लाडावल्या पोरासारखा फुगायचो.

केंद्राच्या प्रमुखांना सगळे साहेब म्हणत. त्या साहेबांनी नव्या बंबासाठी वर मागणी केली होती. मग तपासणी अधिकारी आले. वस्तादने फडके ओले केले, गुडघा लावला आणि माझी धार कालव्याच्या पलीकडच्या झाडापर्यंत गेली. अधिकारी खूश झाले. बंब चांगला ठणठणीत आहे, तुम्हाला नवा कशाला हवा, म्हणाले. पुढच्या खेपेलाही तेच झाले. साहेबांचे तोंड उतरले आणि वस्ताद मूग गिळून बसला. मी मात्र त्या दिवशी स्वतःवर भलताच खूश होतो. या वयातही आपल्याला कुणी ठणठणीत म्हणते, याचेच मला कौतुक.

मग तो दिवस आला. वस्तादच्या बायकोच्या डोळ्याचे ऑपरेशन होते, म्हणून तो रजा घेऊन तिला शेजारच्या गावी घेऊन गेला होता. सकाळची कामाची वेळ होती. गादीवाल्या आजोबांच्या दुकानात कापूस पिंजायच्या यंत्रातून ठिणगी उडाली. कापसाला आग लागली की ती विचारत बसत नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा दारातून काळा धूर येत होता. टाकीतल्या पाण्याने पुढची खोली शांत झाली. आतली खोली अजून पेटलेली होती. दुकानामागेच कालवा. भिंगरीने धावत जाऊन नळी सोडली आणि पंप सुरू केला.

पाणी चढले नाही.

तिने झडपा पुन्हा तपासल्या. नळी काढून पुन्हा जोडली. इंजिनाचा वेग वाढवला, कमी केला. बापाने शिकवलेले सगळे, त्याच क्रमाने. मी नुसता गुरगुरत राहिलो आणि तड्यातून हवा पीत राहिलो. मला बोलता आले असते तर मी ओरडलो असतो की भिंगरी, तुझे काही चुकत नाही, इथे बघ, माझ्या तोंडाशी. बाकीचे लोक बादल्या भरून धावू लागले. तेवढ्यात आजोबा सगळ्यांची नजर चुकवून आत शिरले. त्यांना ते यंत्र बाहेर ओढायचे होते. त्यांना बाहेर काढले तेव्हा त्यांचा उजवा हात भाजला होता. शेजारच्या गावचा बंब आला, पण तोपर्यंत विझवण्यासारखे फारसे उरले नव्हते.

गाव गप्प बसते का? पोरीला पंप चालवता येत नाही, बापाच्या वशिल्याने लागली, असे उघड बोलणे सुरू झाले. तक्रार वर गेली. मी शेडमध्ये उभा राहून सगळे ऐकत होतो. ज्या मुलीने माझ्या पायरीवर पाढे म्हटले, तिच्या नावाला माझ्यामुळे काळे लागत होते.

आगीच्या दुसऱ्या दिवशी वस्ताद आला. त्याने थेट तड्यावर बोट ठेवले. तडा कोरडा होता. त्याला सगळे समजले. त्याच वेळी भिंगरी आली आणि माझ्या पायरीवर बसली.

"बाबा, तुम्ही शिकवलंत तसंच केलं मी," ती म्हणाली. "माझ्याच हातात काहीतरी खोट आहे. मी साहेबांना सांगणार आहे, मला नाही जमत हे काम."

वस्ताद माझा आरसा पुसत राहिला. आरसा स्वच्छच होता. त्याला बोलायचे होते, हे मला कळत होते. पण बोलला तर मी जाणार होतो, आणि त्याची इतक्या वर्षांची मानही जाणार होती. घाई करू नकोस, एवढेच तो म्हणाला.

दोन-चार दिवसांनी गादीवाले आजोबा केंद्रात आले. उजवा हात बँडेजमध्ये, डाव्या हातात आमची एक बादली. त्या गडबडीत ती त्यांच्याकडे राहून गेली होती, ती परत द्यायला आले होते. भिंगरी त्यांच्यासमोर मान खाली घालून उभी राहिली. आजोबांनी बादली खाली ठेवली आणि तिला म्हणाले, "पोरी, तुझी धावपळ मी बघितली आहे. पाणीच आलं नाही, त्याला तू काय करणार?"

मग ते वस्तादकडे वळून हसले. तुमचा बंब म्हातारा झाला वस्ताद, आपल्यासारखाच, असे काहीतरी म्हणाले. वस्तादला त्यांच्याकडे बघवले नाही. आजोबा गेल्यावर तो बराच वेळ त्या बादलीजवळ उभा होता.

तक्रारीमुळे तपासणी अधिकारी पुन्हा आले. मला कालव्याकाठी नेले. गावातले लोकही बघायला जमले होते. वस्तादने सवयीने कालव्यात फडके भिजवले, पिळले आणि खांद्यावर टाकले. नळी पाण्यात सोडली. तो माझ्या पंपापाशी वाकला आणि गुडघा नेहमीच्या जागी टेकवला. मग काय झाले कोण जाणे, तो तसाच थांबला. उठला. फडक्याची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"आज भिंगरी चालवेल," तो म्हणाला.

"बाबा, नको. परत सगळ्यांसमोर नको," ती हळूच म्हणाली.

"मी शिकवलंय तसंच चालव. काही गाळू नकोस, काही वाढवू नकोस."

तिने पंप सुरू केला. आणि मित्रांनो, आता सांगतो ती माझी खरी लाज आहे. त्या घडीला मला काय वाटावे? वाटावे की पाणी चढू नये, म्हणजे तडा उघडा पडेल आणि मुलीवरचा ठपका जाईल. पण मला वाटत होते, पाणी चढावे. कसेही करून चढावे. लोकांनी पुन्हा एकदा मला ठणठणीत म्हणावे. मुलीचे नाव जाते तर जावो, मी शेडमध्ये राहावे. मी जीव तोडून ओढले. पाणी नळीत अर्ध्यापर्यंत आले, नळी ताठ झाली आणि मग सैल पडली. माझ्या तोंडातून हवेची एक पिचकारी निघाली, बस्स.

लोकांत कुजबुज झाली. कुणीतरी हसले. वस्ताद पुढे आला. त्याने खिशातले फडके काढून तड्याला गुंडाळले, गुडघा दाबला आणि मुलीला पुन्हा पंप सुरू करायला सांगितले. धार थेट पलीकडच्या झाडावर गेली. अधिकारी काही बोलणार, तोच वस्तादने फडके ओढून काढले. धार वरच्या वर मोडली आणि खाली पडली.

"इथे बोट लावून बघा साहेब," तो अधिकाऱ्यांना म्हणाला. "तडा आहे. मला माहीत होता. मागच्या वेळी होता, त्याच्या मागच्या वेळीही होता. मी झाकला. माझ्या मुलीचा हात बरोबर होता."

गर्दीत गादीवाले आजोबाही होते. ते वस्तादकडे बघत होते आणि या वेळी हसत नव्हते. भिंगरीने बापाच्या हातातून ते फडके घेतले. ती रागावली होती आणि रडतही होती. घरी जाईपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही, आणि नंतरही पुष्कळ दिवस कामापुरतेच बोलली.

मी बाद झालो. वस्तादला गाडीवरून काढून नळ्या धुण्याच्या कामावर ठेवले. त्याने तक्रार केली नाही. सुटीच्या दिवशी तो गादीवाल्या आजोबांकडे जातो आणि हाताने कापूस पिंजून देतो, असे ऐकतो. आजोबांनी त्याला माफ केले का, ते मला ठाऊक नाही. 'आधी हा ढीग घे,' असे सांगतात म्हणे, आणखी काही बोलत नाहीत.

काही महिने शेजारच्या गावच्या बंबावर भागवले, मग नवा बंब आला. भिंगरीनेच तो चालवत आणला. तिची मान बघून मला एका तरुण ड्रायव्हरची आठवण झाली. सगळे त्याच्याभोवती जमले, कुणी दिवे लावून बघत होते, कुणी शिडी. वस्ताद लांबून बघत होता. बघता बघता त्याची नजर पंपाच्या जोडावर गेली. तिथे पाण्याचा एक थेंब लोंबत होता. वस्तादचा हात सवयीने खांद्यावर गेला. नळ्या पुसायचे फडके तिथे होतेच. त्याने ते मुठीत धरले, आणि मग हात खाली घेतला.

"साहेब, इकडे गळतंय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला.

साहेबांना हसू आले. "अहो वस्ताद, थेंबभर तर आहे."

"थेंबभर आहे तोवरच सांगतोय."

भिंगरी गाडीखाली वाकून बघत होती. तिने मान वर करून बापाकडे बघितले आणि पाना मागितला. बापाने तो तिच्या हातात दिला. त्या वेळी मला त्या नव्या बंबाचा पहिल्यांदा हेवा वाटला. त्याच्या चकचकीत रंगाचा नव्हे. त्याचे दुखणे कुणीतरी मोठ्याने सांगितले, याचा.

तुमच्या घरी सायकल असेल, शिलाईचे यंत्र असेल, जुना पंखा असेल. त्यांना पुसा, तेल द्या, खुशाल जीव लावा. पण सायकलचा ब्रेक लागत नसेल तर ते लपवू नका. सायकल धाकट्या भावाच्या हातात देण्याआधी घरात सांगा. आमचे दुखणे सांगितल्याने आमचा अपमान होत नाही. झाकल्याने मात्र दुसऱ्या कुणाचा तरी हात भाजतो.

गादीवाले आजोबा आता डाव्या हाताने गाद्या शिवतात. दुकानाच्या पायरीवर बसून सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करतात आणि तो पुन्हा पुन्हा चुकतो. शाळेतून येताना ते दिसले तर थोडे थांबा आणि त्यांना दोरा ओवून द्या. मी सांगितले म्हणून आलात, असे मात्र त्यांना सांगू नका.