जनरलच्या नावाची गोधडी

“घोंगड्या भेटन्यात का मंग त्यासले?” सुई तशीच वर धरून भिकूमावशीने विचारलं.

आमचे हे बोलता बोलता थांबले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली जनरल वॉशिंग्टनची पत्रं हे कॉलेजातल्या मुलांसाठी मराठीत आणत होते. दुपारी बाळ झोपलं की हे तोंडी सांगत, मी लिहून घेई. ओट्यावर भिकूमावशी बाळाची दुपटी शिवत बसलेली असे. अख्ख्या अमळनेरच्या गोधड्या शिवून तिने दिवस काढले होते. नवरा केव्हाच गेलेला. एकुलता एक मगन फौजेत, लडाखच्या बर्फात.

त्या दिवशीचं पत्र भर हिवाळ्यातलं होतं. जनरल आपल्या सरकारला कळवत होता की माणसांच्या पायांत जोडे नाहीत, पांघरायला नाही म्हणून ती रात्रभर शेकोटीपाशी बसून राहतात; उबदार खोलीत बसून आम्हाला बोल लावणं सोपं आहे.

यांनी मावशीला खरं तेच सांगितलं. काही आलं, पण उशिरा. तोवर आजारपणानेच पुष्कळ जण गेले होते.

मावशीने दोरा दातांनी तोडला. हे सगळं दुसऱ्या मुलखातलं, दोनशे वर्षांपूर्वीचं, हे तिला ठाऊक होतं. तरी उठताना म्हणाली, साहेब मात्र चांगला होता, पोरांसाठी भांडला.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या मांडीवर मोठी गोधडी दिसू लागली. वर तिचं हिरवं लुगडं, आत मगनचे शाळेतले सदरे. आमची दुपटी मागे पडली. शेवटचा कोपरा शिवायच्या आधी तिने चिमूटभर ज्वारी माझ्या बाळाच्या मुठीला लावली आणि आत सोडली. तिच्या सासूची रीत. पांघरणारा उपाशी निजू नये म्हणून.

पार्सल पोस्टात टाकून आली तेव्हा खुशीत होती. पोस्टाबाहेर पत्रं लिहून देणाऱ्या चुडामणकडून, तो अडवत असतानाही, तिने पत्ता लिहून घेतला होता: मोठे जनरलसाहेब, लडाख. बस, एवढाच. मी म्हटलं, “मावशी, मगनचं नाव, नंबर?”

“एकल्या मगनले कशी धाडू, ताई? तठे बठ्ठासले थंडी वाजस. साहेब देखी, कोनले जास्ती गरज शे.”

“म्हणजे सगळ्यांतून साहेबच ठरवणार? पण पोचेल का असं?”

“जनरलले कोन नही वळखत?” ती मलाच हसली.

हे तसेच सायकल काढून पोस्टात गेले. टपाल निघून गेलं होतं.

मग मगनचं पत्र आलं. बर्फ फार आहे, तब्येत बरी आहे, काळजी करू नको. मी ते तिला पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं. गोधडीचा उल्लेख कुठेच नव्हता. मावशी म्हणाली, अजून वाटणी झाली नसेल.

संक्रांतीनंतर तार आली. बर्फाचा कडा मगनच्या चौकीवर कोसळला होता. माणसं हाती लागली नव्हती. तार आणणाऱ्यालाच मावशीने पाणी दिलं, आणि तो निघून गेल्यावर रिकामा तांब्या घेऊन तशीच दारात उभी राहिली.

होळी झाल्यावर पार्सल परत आलं. लाखेचे शिक्के तुटले नव्हते. पत्ता अपुरा, असा शेरा होता. चुडामण स्वतः घेऊन आला आणि मावशीला घेऊन आमच्या ओट्यावर बसला. त्याचे डोळे भरून आले होते. “मी सांगेल व्हतं ना, मावशी.”

“सांगेल व्हतं रे भो,” ती म्हणाली.

गोधडी वेळेवर गेली असती तरी कडा कोसळायचा राहिला नसता, असं हे तिला समजावत राहिले. ती ऐकत होती की नव्हती, कोण जाणे. एकाएकी यांच्याकडे वळून म्हणाली, “सर, तुमना त्या जनरलनी पोऱ्यासना नावे लिखेल शेतस का?”

यांनी कागद पुढे ओढले. इतके महिने माझ्याच हाताने लिहिलेली पानं. मला उत्तर माहीत होतं. तरी हे एकेक पान उलटत राहिले.

“नाही, मावशी. किती जण अनवाणी, किती आजारी, एवढंच आहे.”

“हां.”

तिने पार्सलचं कापड उसवलं. गोधडी मांडीवर घेऊन तो कोपरा चाचपडत शोधला, सुईच्या टोकाने दोनचार टाके काढले आणि ज्वारी तळहातावर पाडली. पांघरणाऱ्याच्या वाटची ती ज्वारी तिने तोंडात टाकली. कच्चे दाणे बराच वेळ चावत राहिली.

मग सुईत दोरा ओवला आणि कोपरा पुन्हा शिवला. टाके पहिल्यासारखेच, अगदी जवळ जवळ.