माझ्यासाठी गेलेला अर्ज

मित्रांनो, आधी कानांवर हात ठेवा, कारण मी एक जुना आणि भारी आवाज करणारा प्रिंटर आहे. खर्र-खर्र, खर्र-खर्र! हल्लीचे प्रिंटर गुपचूप शाई फवारतात. मी मात्र शाईच्या फितीवर सुया आपटून एकेक ठिपका कागदावर उमटवतो. माझी उमेदीची वर्षं एका कचेरीत गेली. तिथे नवे प्रिंटर आले आणि मला कोपरा मिळाला. तिथून निता मॅडमनी रीतसर मागून मला आसेगावजवळच्या तांड्यावरच्या शाळेत आणलं.

माझा एक गुण मीच सांगतो, दुसरं कोण सांगणार? माझा कागद सलग असतो, पानाला पान जोडलेलं. दिवाळीनंतर तांड्यावरची माणसं ऊसतोडीला जातात, पोरंही सोबत जातात. मॅडम त्यांचा चार महिन्यांचा अभ्यास माझ्याकडून छापून घेतात आणि घडी घालून देतात. तिथल्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, सुटी पानं वाऱ्याने उडून जातात. माझी जात नाहीत.

यंदा दसऱ्याला संगणकावर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि मी मुकाच झालो. आमचा संगणक खुल्या सॉफ्टवेअरवर चालतो. म्हणजे त्याची आतली लिखावट, ज्याला कोड म्हणतात ती, कोणालाही वाचता येते, सुधारता येते, आणि जगभरची माणसं ती हौसेने सांभाळतात. माझी भाषा संगणकाला समजावणारा एक छोटासा भाग त्यात होता. तोच काढून टाकला होता. कारण लिहिलं होतं, ‘हा प्रिंटर आता कोणी वापरत नाही.’

कोणी वापरत नाही! अरे, मला विचारलं का कोणी? फार वाईट वाटलं हो.

मंगरूळपीरचा दुरुस्तीवाला भाऊसिंग म्हणाला, “मॅडम, भंगारात द्या याले. कायले जीव जाळून राह्यल्या?”

“भाऊसिंग, आपण वापरतो हे त्याईले मालूमच नाही,” मॅडम म्हणाल्या. “सांगाले काय जाते?”

पुढचं ऐकून हसाल. मॅडमना तक्रारीची एकच रीत ठाऊक, पंचायत समितीला लिहितात ती. प्रति, विषय, संदर्भ, महोदय! माझा मॉडेल नंबर, मी कोणत्या तारखेपर्यंत चालत होतो, काय केल्यावर काय झालं, सगळं ओळीने लिहिलं. खाली एकतीस पालकांच्या सह्या आणि अंगठे. पहिला अंगठा नानीबाईंचा.

“मागच्या साली माह्या पोरीचं एक पान बी हरवलं नाही,” त्या म्हणाल्या. “कुठी लावू अंगठा?”

वर सरपंचांचा शिक्का! सगळ्या अर्जाचा फोटो काढून, खाली त्याचं इंग्रजी करून, मॅडमनी तो सॉफ्टवेअरच्या तक्रारींच्या पानावर टाकला.

माझा भाग सांभाळणारी बाई दूर परदेशात राहते. दुसऱ्याच दिवशी तिचं उत्तर आलं. ‘अकरा वर्षांत इतकी नीट तक्रार आली नव्हती, शिक्क्याची तर कधीच नाही. पण माझ्याकडे हा प्रिंटर नाही. जुना भाग परत बसवून तुम्ही तपासून द्याल का?’

मॅडम काही संगणक शिकलेल्या नव्हत्या. त्यांनी आधी ‘सहभागी कसं व्हावं’ हे पान दोनदा वाचलं. मग माझा जुना भाग नव्या आवृत्तीत परत बसवला आणि छापून पाहिलं, तर प्रत्येक ओळीच्या मधोमध पांढरा पट्टा! त्या भागातला एक आकडा बदलायचा, छापायचं, पट्टीने मोजायचं. नवव्या खेपेला पट्टा गेला. आनंदाच्या भरात मॅडमनी आणखी दोन सुधारणा त्यातच घुसवल्या आणि पाठवल्या. सगळं परत आलं. शेरा होता, ‘एका वेळी एकच बदल.’

मॅडम हिरमुसल्या. दिवाळीला सहा दिवस उरले होते आणि माझ्यावर धूळ चढत होती. तेव्हा मुख्याध्यापक इंद्रभान सर म्हणाले, “काहून तोंड पाडून बसल्या? एका अर्जात तीन विषय घातले तर आपली समिती तरी घेते काय? येगळं करा अन् पाठवा.”

मॅडमनी फक्त पट्ट्याचा बदल पाठवला, सोबत छापलेल्या पानाचा फोटो. दोन दिवसांनी तो स्वीकारला गेला. मग काय विचारता! मी दिवसभर खरखरलो. सगळ्या पोरांचा अभ्यास छापूनच थांबलो. एका बाईने नऊदा पट्टी लावून मोजलं, म्हणून मी बोलता झालो. त्या बाईचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

मित्रांनो, फुकट मिळतं ते आपोआप चालतं असं समजू नका. कोणीतरी ते सांभाळत असतं. तुम्हाला संगणकाची लिखावट येत नसेल तर तपासून द्या. चूक दिसली तर नीट सांगा. तेही जमलं नाही तर ‘आम्ही वापरतो’ एवढं तरी कळवा.

त्या परदेशातल्या बाईने माझ्या भागाच्या लिखावटीत अगदी वर स्वतः एक ओळ लिहिली आहे. संगणक ती वाचत नाही, ती पुढे येणाऱ्या माणसांसाठी आहे. मॅडमनी तिचं मराठी केलं, माझ्याकडूनच छापून घेतलं आणि माझ्या पाठीवर चिकटवलं:

‘काढू नये. आसेगावात वापरात आहे.’